बाईंच्या तासाला दिवे जातात

गणिताच्या बाईंचा आवाज गेला, तेव्हा तो नेमका कुठे गेला हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. तो तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये गेला होता. त्या हॉलमध्ये पूर्वी व्यायामशाळा होती. ती बंद पडल्यावर तिथे बाकं टाकली, फळा ठोकला आणि दारावर ‘वर्ग’ अशी पाटी लावली. त्या पाटीपलीकडे वर्गासारखं तिथे काही नव्हतं. छत इतकं उंच, की बाईंचं वाक्य आधी वर जायचं, लोखंडी तुळयांमध्ये येरझाऱ्या घालायचं आणि मागच्या बाकावर उतरायचं तोवर बाई पुढच्या ओळीवर गेलेल्या असायच्या. खिडक्यांबाहेर दुचाक्या उभ्या करायची जागा होती. मागच्या बाकावरच्या मुलांच्या कानावर गणित पडत नव्हतं असं नाही, पण ते किक मारल्याच्या आवाजासकट पडायचं.

बाई या हॉलशी वर्षानुवर्षं भांडल्या. शेवटी हॉल जिंकला.

बाईंची धाकटी नणंद कान-नाक-घशाची डॉक्टर होती. घरचीच पेशंट म्हटल्यावर तिला गोड बोलायचं कारण नव्हतं.

“वहिनी, आ कर. अजून. घरात दादावर ओरडताना एवढं मोठं उघडतं की तोंड, आताच काय झालं?”

बाईंनी आ केला. नणंदेने नळी घातली, आत पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. डॉक्टर लोक अशी मान हलवतात तेव्हा समाधान त्यांच्या निदानाचं असतं, आपल्या तब्येतीचं नव्हे.

“स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर तोंड बंद. कुजबुजसुद्धा नाही. त्यानंतर बोल, पण आयुष्यात परत ओरडायचं नाही. त्या हॉलमध्ये परत शिकवायला गेलीस तर आवाज कायमचा जाईल, आणि मग माझ्याकडे येऊ नकोस.”

बाईंचा नवरा विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचा. जळकी गोदामं आणि भिजलेला माल बघून बघून त्याच्या बोलण्यात एक कोरडेपणा आला होता. त्याने बहिणीला विचारलं, “म्हणजे अंशतः नुकसान. पूर्ण नाही ना?”

“सध्या अंशतः,” बहीण म्हणाली.

“मग दुरुस्ती होईल,” असं म्हणून तो निर्धास्त झाला. पुढचा महिना त्याला घर फार प्रशस्त वाटलं.

प्राचार्य मनाने चांगले होते. त्यांनी बाईंना लगेच तोड सुचवली. “नाहीच जमलं तर परीक्षा विभागात या. तिथे बोलावंच लागत नाही.” हे खरं होतं. परीक्षा विभागाचे प्रमुख कित्येक वर्षांत कुणाशी बोललेले नव्हते आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, सोडायचे आणि पुन्हा बांधायचे, एवढंच तिथलं काम. बाईंनी त्या खोलीत एकदा डोकावून पाहिलं आणि घरी येऊन जेवल्या नाहीत. शिकवणं सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि येत असतं तरी करायचं नव्हतं.

नेमक्या त्याच महिन्यात कॉलेजने एक आदर्श वर्ग बांधायचं ठरवलं.

आदर्श वर्गाला आधी समिती लागते. बाईंना तास नव्हते, म्हणून त्यांना समितीत घेतलं. बाई बैठकांना गळ्यात एक छोटी पाटी अडकवून जायच्या आणि तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत. कॉलेजच्या इतिहासात न बोलणारा सदस्य समितीला प्रथमच लाभत होता, त्यामुळे बाईंचं वजन झपाट्याने वाढलं. खुर्च्या निळ्या हव्यात म्हणणारा बाईंकडे बघायचा, बाई ऐकू आल्याची खूण म्हणून मान डोलवायच्या. खुर्च्या केशरी हव्यात म्हणणाराही बघायचा, बाई त्यालाही मान डोलवायच्या. दोघांनाही वाटायचं, बाई आपल्या बाजूच्या. लवकरच त्यांना एकमताने अध्यक्ष करण्यात आलं.

“इतका समतोल विचार करणारी व्यक्ती मी पाहिली नाही,” प्राचार्य म्हणाले.

पाटीवर बाईंनी एकदाच काहीतरी लिहिलं: ‘छत खाली घ्या. भिंतींना आवाज शोषून घेणारे तक्ते बसवा. माईक.’ यावर कुणाचंच काही मत नव्हतं, त्यामुळे ते तत्काळ मंजूर झालं. नंतर सबंध दुपार खुर्च्यांच्या चाकांवर चर्चा झाली.

दिव्यांची कल्पना व्यवस्थापन हा विषय शिकवणाऱ्या सरांची. हा एक उमदा, तरतरीत माणूस. केस सदा ओले असल्यासारखे दिसायचे. ते म्हणाले, “वर्ग रिकामे आणि दिवे चालू, हा अपव्यय थांबवू या. हालचाल टिपणारं यंत्र छताला लावायचं. मुलं हलली की दिवे चालू. कुणी हललं नाही, की वर्ग रिकामा समजायचा आणि दिवे बंद.”

ग्रंथपालांनी शंका काढली, “आणि शिक्षक हलले तर?”

“शिक्षक हलतो म्हणजे वर्ग चालू आहे असं होत नाही,” व्यवस्थापनाचे सर म्हणाले. हे सगळ्यांनाच अनुभवाने पटलं. शिक्षकाचा कोपरा यंत्राच्या नजरेतून वगळण्यात आला. बाईंना पाटीवर ‘पण’ लिहायचं होतं, मात्र पेनाचं टोपण निघेपर्यंत ठराव पास झाला होता. खाली अध्यक्ष म्हणून बाईंचं नाव.

वर्ग तयार झाला. गोल टेबलं आली, म्हणजे अर्ध्या मुलांची पाठ फळ्याकडे. त्यावर उपाय म्हणून चारही भिंतींवर दिव्यांच्याच यंत्राला जोडलेले डिजिटल पडदे आले. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून खिडक्यांना काळे, जाड पडदे आले. ते बटणाने खाली-वर व्हायचे, ते पहिल्याच दिवशी खाली झाले आणि मग बटण बिघडलं. खुर्च्यांना चाकं होती आणि फरशीला खिडकीकडे किंचित उतार होता. त्यामुळे तास संपेपर्यंत सगळा वर्ग न कळत खिडकीपाशी गोळा व्हायचा. डिजिटल फळ्याचं पेन हरवू नये म्हणून प्राचार्यांच्या कपाटात ठेवलं होतं. कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे असायची आणि प्राचार्य बहुधा बैठकीत असायचे.

बाईंचा महिना संपला. नवरा जरा हिरमुसला.

पहिल्या दिवशी बाई नव्या वर्गात उभ्या राहिल्या आणि घाबरत, घरात पाणी मागावं तितक्याच आवाजात म्हणाल्या, “मागे ऐकू येतंय का?”

“हो,” मागचं टेबल म्हणालं. ओरडून नव्हे, साधंच.

इतक्या वर्षांत मागच्या मुलांचा आवाज बाईंनी ऐकलाच नव्हता. तो चांगला होता. मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. मधे एक छोटासा विनोद केला, आणि मागचं टेबल पुढच्या टेबलाबरोबरच हसलं. जुन्या हॉलमध्ये हसू मागून पुढे यायला वेळ लागायचा, कधीकधी ते पुढच्या गंभीर सिद्धतेच्या ऐन मध्यावर यायचं.

अर्धा तास गेला. बाई एका सिद्धतेच्या शेवटाकडे आल्या. सगळी पोरं श्वास रोखून बसली होती. कुणी हललं नाही.

दिवे गेले.

बाईंनी वायरमनला बोलावलं. वायरमनने इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअर यंत्र विकणाऱ्या कंपनीचा होता. हातात टॅब, गळ्यात पट्टा आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच गावी काम असल्याची घाई.

“मॅडम, वर्ग रिकामा झाला की दिवे जातात.”

“वर्ग भरलेला होता.”

“यंत्राला तसं वाटलं नाही.”

“मुलं लिहीत होती, ऐकत होती.”

“एवढीशी हालचाल धरत नाही. हात हलवला, उठलं-बसलं, तर धरतं. नाहीतर पालीमुळेसुद्धा दिवे लागतील ना?” पाल आणि विद्यार्थी यांत फरक करण्यासाठी यंत्राला विद्यार्थ्याकडून काही किमान हालचाल हवी होती.

हे इथवरच राहिलं असतं तर बाईंनी अंधारातही शिकवलं असतं. पण यंत्र हालचाल मोजून दर आठवड्याला एक आलेख काढायचं. त्याला ‘चैतन्य निर्देशांक’ असं नाव होतं. प्राचार्यांना तो आलेख फार आवडायचा, कारण तो हिरव्या रंगाचा होता. वर्ग एकच आणि मागणारे अनेक. म्हणून प्राचार्यांनी जाहीर केलं, की पुढच्या सत्रात ज्याचा निर्देशांक सर्वांत वर, त्याला आदर्श वर्ग. बाकीचे मोठ्या हॉलमध्ये.

व्यवस्थापनाच्या सरांच्या तासाला मुलं चेंडू फेकायची, टाळ्या वाजवायची, खुर्च्यांवरून शर्यती लावायची. त्यांचा आलेख छताला टेकला. बाईंचा तळाशी होता. जिथे त्यांनी सर्वांत चांगलं शिकवलं होतं, तिथे यंत्राने ‘खोली रिकामी’ अशी नोंद केली होती.

प्राचार्यांनी बाईंना बोलावून हळूच विचारलं, “बाई, तुम्ही तास घेताय ना?”

“घेते की.”

“नाही, मी तुमच्यावर संशय घेत नाही. यंत्र घेतंय.”

व्यवस्थापनाच्या सरांना बाईंबद्दल खरोखर कळवळा होता. ते जिन्यात गाठून म्हणाले, “बाई, थोडं नाचवा त्यांना. अगदी मधूनमधून. सूत्र म्हणताना उड्या मारायला लावा.”

“उड्या मारताना सूत्र कळतं का हो?”

“ते निर्देशांकात येत नाही.”

घरी बाईंनी हा सगळा प्रकार सांगितला. नणंद जेवायला आली होती. तिने घास खाली ठेवला. “वहिनी, एक लक्षात ठेव. तू त्या हॉलमध्ये गेलीस, की मी तुझा घसा बघणार नाही. तुझं श्राद्धच घालीन म्हण ना.”

“अगं, जरा शुभ बोल,” भाऊ म्हणाला.

“तूच सांग दादा. पाहणी तू करतोस.”

त्याने बायकोकडे जळक्या गोदामाकडे बघावं तसं पाहिलं. “यंत्र चुकतंय हे साहेबांना डोळ्यांनी दाखव. मी जागेवर गेल्याशिवाय कुठलाही दावा मान्य करत नाही. कागदावर सगळं जळालेलंच असतं.”

मुलांनी तोवर आपल्या परीने तोड काढली होती. मागच्या टेबलावर एक उंच मुलगी बसायची, व्हॉलीबॉल खेळणारी. तिला सगळे ‘खांब’ म्हणत, आणि ती त्याला ओ देत असे. तिच्याकडे हात हलवायचं काम दिलं गेलं. बाई शिकवू लागल्या, की खांब ठरावीक वेळाने दोन्ही हात वर करून जहाजाला निरोप दिल्यासारखे हलवायची. दिवे राहू लागले. निर्देशांकही थोडा वर सरकला. यंत्राच्या मते आता खोलीत एक माणूस जिवंत होता.

तासानंतर खांब बाईंकडे आली. “बाई, आजचं काहीच कळलं नाही.”

“कुठपासून?”

“हात हलवायला लागल्यापासून.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “उद्यापासून हात खाली. वर्गात येऊन वारा घालायचा नाही.”

“पण बाई, मग खोली जाईल.”

“जाऊ दे,” बाई म्हणाल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण हात खालीच राहिले आणि आलेखही.

शेवटी बाईंनी प्राचार्यांपुढे जाऊन सांगितलं, “सर, सत्र ठरवण्याआधी एकदा माझ्या तासाला येऊन बसा. दिवे का जातात ते डोळ्यांनी बघा. नाही गेले, तर मी स्वतः परीक्षा विभागात जाते.”

प्राचार्य एकटे कुठे जात नसत. त्यांच्याबरोबर व्यवस्थापनाचे सर आले, ग्रंथपाल आले, परीक्षा विभागाचे प्रमुख आले आणि समितीत केशरी खुर्च्या मागणारे भौतिकशास्त्राचे सरही आले. पाचही जण मागच्या टेबलाभोवती बसले. खांबला पुढे हलवलं. इंजिनिअर टॅब घेऊन दाराशी उभा राहिला.

बाईंनी शिकवायला सुरुवात केली. मुलं नेहमीसारखी गप्प बसली. बाई मनात म्हणाल्या, आता जातील.

दिवे गेले नाहीत.

कारण मागच्या टेबलावर प्राचार्यांनी पायावर पाय टाकला, मग पाय बदलला. ग्रंथपाल पाण्याच्या बाटलीसाठी वाकले. व्यवस्थापनाच्या सरांनी खुर्चीसकट अर्धी गिरकी घेऊन पाहिली, चाकं चांगली होती. भौतिकशास्त्राच्या सरांचा फोन आला, ते उठून बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी समोरचे कोरे कागद घेऊन त्यांचा गठ्ठा केला आणि तो ठोकठोक ठोकून सारखा केला. मध्येच प्राचार्यांनी खिशातून लवंग काढली आणि टेबलभर फिरवली.

पाच प्राध्यापक वर्गात बसल्यावर यंत्राला कशाचीच वाण नव्हती. आलेख टॅबवर सरसर वर चढला.

“यंत्र एकदम व्यवस्थित आहे, साहेब,” इंजिनिअर म्हणाला.

प्राचार्यांनी बाईंकडे खेदाने पाहिलं. “बाई, दिवे तर चांगले चालू आहेत.”

परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी बाईंकडे प्रथमच, भावी सहकाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं आणि आपल्या गठ्ठ्याशेजारी थोडी जागा केली.

बाईंनी चालू धडा बाजूला ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

“हे राहू दे. दुसरं एक बघू. मागच्या टेबलावर पाच पाहुणे आहेत. त्यांच्यात कोण कुणाचं मित्र आहे, मला काही माहीत नाही. तरी मी पैजेवर सांगते, त्यांच्यात असे दोघं नक्की आहेत, ज्यांना या टेबलावर सारखेच मित्र आहेत. म्हणजे मोजायला सारखे. मैत्री दोन्हीकडून असेल तरच धरायची.”

भौतिकशास्त्राचे सर बाहेर निघाले होते. ते परत बसले.

“प्रत्येकाला या टेबलावर किती मित्र असू शकतील? शून्य, एक, दोन, तीन किंवा चार. माणसं पाच, आकडे पाच. म्हणजे प्रत्येकाला वेगळा आकडा मिळेल, असं वाटतं ना?”

“वाटतं,” प्राचार्य म्हणाले.

“समजा, एकाला चार मिळाला. म्हणजे तो टेबलावरच्या सगळ्यांचा मित्र.”

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर एक विनयाचं हसू आलं. तसंच हसू त्याच क्षणी व्यवस्थापनाच्या सरांच्याही चेहऱ्यावर आलं. दोघांनी एकमेकांचं हसू पाहिलं. दोन्ही हसू मावळली.

“आणि एकाला शून्य मिळाला. म्हणजे या टेबलावर त्याचं कुणीच नाही.”

लवंग चावल्याचा आवाज थांबला.

“हे दोघं एकाच टेबलावर बसू शकतील का?”

“नाही,” पुढून खांब म्हणाली. “सगळ्यांचा मित्र असेल, तर तो त्या शून्यवाल्याचाही मित्र झाला. मग तो शून्य कसा?”

“बरोबर. म्हणजे शून्य आणि चार, यांतला एक तरी आकडा खोडावा लागणार. कुठला खोडायचा?” बाई मागच्या टेबलाकडे वळल्या. “आपण तर्क करत बसायला नको, माणसं समोरच आहेत. ज्यांना वाटतं, की या टेबलावर आपला कुणीच मित्र नाही, त्यांनी हात वर करावा.”

मागच्या टेबलावर कुणी हललं नाही. पाय बदलायचा म्हटलं तर बदलणारा अस्वस्थ दिसणार होता. पाणी प्यायचं म्हटलं तर हात वर गेल्यासारखा दिसणार होता. शेजाऱ्याकडे बघायचं म्हटलं तर त्याला वाटणार होतं, हा माझ्याकडे का बघतोय. परीक्षा विभागाच्या प्रमुखांचे हात गठ्ठ्यावर थिजले. मुलं श्वास रोखून वाट बघत होती. असा धडा त्यांना पूर्वी कुणी दिला नव्हता.

दिवे गेले. चारही पडदे काळे झाले.

“साहेब,” दाराकडून इंजिनिअरचा आवाज आला, “यंत्र म्हणतंय खोली रिकामी झाली.”

त्याने टॅबवर बोट आपटून पाहिलं.

“कुणीतरी नुसता हात वर करा साहेब, लागतील दिवे.”

हात वर केला की दिवे लागणार होते, आणि दिवे लागले की हात कुणाचा ते दिसणार होतं. मुलांना हात खाली ठेवायचा बाईंचा हुकूम होताच. अंधार तसाच राहिला.

“तुम्हीच करा की,” व्यवस्थापनाच्या सरांचा आवाज आला, जरा कोरडा.

“मी आत येऊन केला तर चाचणी बाद होईल, सर.”

“बाई,” प्राचार्य म्हणाले, “तुम्ही हलवा हात.”

“कधीची हलवतेय, सर. माझा कोपरा वर्गात धरत नाहीत.”

मग प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, “बाई, खोली तुमच्याकडेच राहू दे. निर्देशांकाचं मी बघतो.” आणि मग, जवळजवळ खाजगीत, “पण मला एक सांगा. शून्य असलाच पाहिजे, असं काही नाही ना?”

“नाही, सर. असेल किंवा नसेल. कोण आहे, ते गणित सांगत नाही. शून्य असला तर चार नाही, चार असला तर शून्य नाही. उरले चार आकडे, आणि माणसं पाच. दोघांना एकच आकडा वाटून घ्यावा लागणार. सिद्ध झालं.”

हे त्या आवाज न चढवता बोलल्या. अंधारात मागच्या टेबलाला शब्द न् शब्द ऐकू गेला. ग्रंथपालांनी सुस्कारा सोडल्याचंही सगळ्यांना ऐकू आलं.

तासाची घंटा झाली. मुलं उठली, दिवे लागले, खुर्च्या खिडकीकडे घरंगळल्या. मागच्या टेबलावरचे पाचही जण मात्र बसून राहिले. कुणी कुणाबरोबर बाहेर पडायचं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.